तिसऱ्या भागातलं दार

उतरंडीवरचं झाकण खणकन खाली पडलं आणि भर दुपारचं गप्प घर दचकलं. सारवलेल्या भुईवर झाकण गरगर फिरलं, फिरता फिरता चुलीला टेकलं आणि निवलं. सारजा जागच्या जागी उभी राहिली. वाकळेवर झोपलेल्या यशूनं कूस बदलली, गालाखाली हात घेतला आणि पुन्हा झोपली. पाच वर्षांची पोर, पण कान सशाचे.

मग सारजानं मधल्या गाडग्यात हात घालून पुस्तक काढलं. खाकी कागदाचं कव्हर, त्यावर तुळजापूरच्या वाचनालयाचा जांभळा शिक्का, आत 'काचदुर्ग, भाग तिसरा'. तिचा नवरा मच्छिंद्र तुळजापूरच्या एसटी डेपोत मेकॅनिक होता. आठवड्यातून एकदा घरी यायचा, तेव्हा डब्याच्या पिशवीतून तिच्यासाठी पुस्तक आणायचा. पहिले दोन भाग कधीच परत गेले होते. तिसरा मात्र वर्षभर इथंच मुक्कामाला होता. मच्छिंद्र दर पंधरा दिवसांनी वाचनालयात नाव पुढं चढवून घ्यायचा आणि तिथल्या माणसाला सांगायचा, "बायकू सावकाश वाचती."

हातात घेतलं की पुस्तक आपोआप एकशे एक्केचाळिसाव्या पानावर उघडायचं. तिनं ते पान वाचलं. याआधी कितीदा तरी वाचलेलं, आजही त्यात तेच होतं. राजपुत्र मणिधर काचदुर्गाच्या विहिरीत उतरतो आणि वर येत नाही.

उन्हामुळं माळावरचं काम आज दुपारीच सुटलं होतं. उद्या रविवार. उद्या टीव्हीवर मणिधर विहिरीत उतरणार होता.

"वहिनी, हैत का घरात?"

आवाज हणमंतप्पाचा. सारजानं पुस्तक पदराखाली घेतलं आणि दारात आली. हणमंतप्पा गावातल्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी, मच्छिंद्रचा शाळेतला सोबती. कादंबरीचे पहिले दोन भाग त्यानं दोन-दोनदा वाचले होते. सिरियल लागल्यापासून तो एक वही घालत होता. पुस्तकात काय आणि टीव्हीवर काय, समोरासमोर रकाने पाडून. वहीत आतापर्यंत चौऱ्याऐंशी चुका जमल्या होत्या. सिरियल संपली की वही पाकिटात घालून थेट दूरदर्शनला पाठवायची, असं त्यानं सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगून टाकलं होतं.

"तिसरा भाग द्या वहिनी. निस्ता उद्याच्यापुरता. टीव्ही म्होरं अन् पुस्तक मांडीवर. वळ न् वळ तपासतो."

"अजून वाचून झाला न्हाय भाऊजी."

"वरसात न्हाय? पहिला भाग तर तीन दिसांत संपिवला हुता तुमी. मच्छिंद्रा सांगत हुता."

"ह्यातली अक्षरं बारीक हैत."

हणमंतप्पानं चष्मा वर सरकवला. "बरं, मग असं करा. तुमीच घिऊन या. तुमी वाचा, म्या लिहितो. आता तरी चालतंय?"

बारीक अक्षरांपेक्षा मोठं कारण तिच्याकडं नव्हतं. "आणते," ती म्हणाली. हणमंतप्पा खूश होऊन गेला. पदराखाली पुस्तकाला घाम सुटला होता की तिच्या हाताला, कोण जाणे.

*

गोष्ट सुरू झाली ती माळावरच्या पाझर तलावाच्या कामावर. पावसानं दगा दिलेलं ते दुसरं वर्ष. रोजगार हमीवर गावातल्या बायका माती वाहायच्या. बांध उंच होत गेला तशी चढण अंगावर यायला लागली, म्हणून मुकादमानं साखळी लावली. खड्ड्यापासून बांधापर्यंत बायका हातभर अंतरानं उभ्या. मातीची पाटी या हातातून त्या हातात. चालायची ती पाटी, बायका जागेवर. आणि बाई एका जागी उभी राहिली की तिचं तोंड मोकळं होतं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत सिद्धम्मानं विचारलं, "बाभळीखाली बसून काय वाचती गं सारजा, भाकरी बी ध्यानात न्हाय तुझ्या?" सारजा सातवी शिकलेली. तिनं सांगायला घेतलं. काचेचा किल्ला, त्यातली राणी रत्नगंधा, तिचा पोरगा मणिधर, तिचा उडता घोडा, हिरव्या डोळ्यांचा जादूगार कृष्णकेश. सुट्टी संपली तरी गोष्ट संपेना, म्हणून दुसऱ्या दिवशी बायकांनी तिला साखळीच्या मधोमध उभं केलं, दोन्ही टोकांना ऐकू जावं म्हणून. तरी टोकाच्या बायकांना गोष्ट दोन-तीन तोंडांतून गाळूनच मिळायची. सिद्धम्मा पार वर, बांधावर. त्यामुळं तिच्यापर्यंत पोचेस्तोवर राणीच्या घोड्याला सहा पाय झाले होते, आणि ते ती आजतागायत सोडत नव्हती.

पाटी हातातून हातात जायची, पण पाण्याच्या तांब्याचं तसं नव्हतं. बौद्धवाड्यातल्या बायकांच्या, सारजाच्याही, ओंजळीत पाणी वरून पडायचं. सारजाला त्याचं नवल नव्हतं, रागही तिनं गिळून ठेवलेला. पण गोष्ट तिच्या तोंडात होती आणि ते तोंड कोरडं पडलं की अख्खी साखळी खोळंबायची. एक दिवस शेजारी उभ्या असलेल्या पुतळाबाईनं तांब्याच तिच्या हातात दिला. "पी अन् सांग म्होरं." साखळी पुन्हा चालायला लागली. त्या दिवसापासून सारजा तिला आक्का म्हणायला लागली.

सांगताना सारजाला राहवायचं नाही. किल्ल्याला वेढा पडला तेव्हा राणी काय खात होती, हे लिहिणाऱ्यानं लिहिलंच नव्हतं. मग सारजानं तिला हुलग्याचं माडगं दिलं. शिपायांना ठेचा दिला. आंधळ्या दाईनं पुस्तकात नुसतीच शपथ घेतली होती. सारजाच्या तोंडून तिनं ती अणदूरच्या खंडोबाची घेतली. एवढ्यानं कुणाचं काय बिघडतं, असं तिला वाटायचं. भाजी दुसऱ्याच्या मळ्यातली असली तरी मीठ आपल्या हातचं पडतंच की.

मग तो उन्हाळा आला. गावविहिरीचं पाणी तळाला गेलं. पोरं पायऱ्या संपल्या की दोराला धरून खाली उतरायची आणि वाटीवाटीनं घागर भरायची. पुतळाबाईच्या थोरल्याचा, बलभीमचा, पाय निसटला. बारा वर्षांचा होता.

महिन्याभरानं पुतळाबाई कामावर आली. आली म्हणजे आणली. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी समजावलं की धाकटी दोन आहेत, त्यांच्याकडं बघून तरी रडणं आवर, हात चालता ठेव, मन रमंल. ती साखळीत आपल्या जागेवर येऊन उभी राहिली, सारजाच्या शेजारी. बायका म्हणाल्या, "सारजा, सांग बाई म्होरलं. तेवढंच बरं वाटंल तिला." आणि सारजानं आदल्याच दिवशी तिसऱ्या भागाचं एकशे एक्केचाळिसावं पान वाचलेलं.

काहीतरी दुसरं सांगावं, घोड्याचं सांगावं, असं तिनं ठरवलं होतं. पण बायकांनी आठवण करून दिली, मणिधर विहिरीच्या काठावर उभा आहे म्हणून.

"मणिधर विहिरीत उतरला," ती म्हणाली.

पुतळाबाईच्या हातात पाटी थांबली. साखळी थांबली. वरून मुकादम ओरडला. पुतळाबाईनं सारजाकडं पाहिलं. "अन् मग?"

"मग," सारजा म्हणाली, "तळाला एक दार हुतं."

पुतळाबाईनं पाटी पुढं दिली.

दाराच्या पलीकडं दुसरा मुलूख होता. तिथं पाणी होतं, गवत होतं. मणिधर तिथल्या धनगरांकडं मेंढरं राखायला राहिला. लोकर कातरायला शिकला. एका कोकराला त्यानं लांडग्याच्या तोंडातून ओढून काढलं. वर राणी वाट बघतेय आणि खाली पोरगं मोठं होतंय, अशी गोष्ट वर्षभर चालली. पुस्तकाची पानं दोनशे साठ, सारजाच्या तिसऱ्या भागाला शेवटच नव्हता. रोज सकाळी पदर खोचता खोचता पुतळाबाई विचारायची, "आज काय करतुया?" आणि हळूच आपल्या बलभीमचंही काही घालायची.

"त्याला वांगं चालत न्हाय, व्हय गं?"

"न्हाय चालत. तसंच हाय पुस्तकात."

"अन् म्होरल्या दातांत फट?"

"हाय की."

पुतळाबाईचे हात चालायला लागले. ती जेवायला लागली. हे सारजानं डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून तिला पुस्तक गाडग्यात ठेवायला कधी लाज वाटली नाही. मग सोसायटीनं टीव्ही आणला, आणि तीच गोष्ट हिंदीत बोलायला लागली.

*

शनिवारी संध्याकाळी पाण्याच्या टँकरसाठी बायका रांगेत बसल्या होत्या. पुतळाबाईची घागर सारजाच्या मागं.

"उद्या ह्यांना बी आणतीया," पुतळाबाई म्हणाली.

सारजानं मागं पाहिलं. पुतळाबाईचा नवरा श्रीपती वर्षभर चार माणसांत बसला नव्हता. रान आणि घर, घर आणि रान. विहिरीकडची वाट त्यानं सोडलीच होती.

"येणार हैत?"

"न्हाय न्हाय म्हणत हुते. म्हणलं, चला, बाकी काय बगू नगा, निस्तं दार बगा. पोरगं कसं जातंय पलीकडं ते बगा." पुतळाबाईच्या तोंडावर हसू होतं, नव्या लुगड्याची घडी मोडताना येतं तसं. "म्या समदं सांगितलंय त्यांना. मेंढरांचं, कोकराचं. काय बोलत न्हायीत, पर ऐकत्यात."

"आक्का, हे टीव्हीवाले लई बदलत्यात. दाखिवतील, न दाखिवतील."

"एवढं मोठं दार कसं गाळतील गं? दाईला नाचिवलं, ती गोष्ट येगळी."

"आक्का, मला जरा—"

टँकरचा हॉर्न वाजला. रांग उठली, मोडली, घागरींवर घागरी आपटल्या. पुतळाबाई पाईपकडं धावली. सारजा जे बोलायला निघाली होती ते तिच्या जिभेवर राहिलं. पाणी भरून झाल्यावर बोलता आलं असतं. पण नंतर ती बोलली नाही, हेही खरं.

*

रविवारी बाजाराचा दिवस, काम बंद. सोसायटीची खोली साडेआठलाच भरली. एरवी तिथं दुधाच्या कॅनची गर्दी असायची; यंदा जनावरांनाच कडबा नाही, तिथं दूध कुठलं. रिकामे कॅन पालथे घालून पुरुष बसले, भुईवर बायका. सारजा पहिल्या रविवारी दाराशी बसली होती. पण हिंदी सगळ्यांना उमगत नव्हतं, म्हणून बायकांनी तिला टीव्हीपुढं ओढून बसवलं. आजही ती तिथंच होती, मांडीवर यशू, पिशवीत पुस्तक. पुतळाबाई तिच्या उजव्या हाताला. श्रीपती आत आला, कुणाकडं न बघता खिडकीपाशी भिंतीला टेकला. दोघा-तिघांनी त्याला कॅन पुढं केला. त्यानं मान हलवली.

हणमंतप्पानं वही उघडली. "गेल्या रविवारच्या चुका वाचतो. कुणाचं काय राहिलं असंल तर सांगा. एक. दाई. पुस्तकात म्हातारी अन् दोन्ही डोळ्यांनी आंधळी, पान बावीस. टीव्हीवर तरणी, अन् दोनदा नाचली."

"आंधळी ठिवली असती तर नाचताना खांबावर आपटली असती," सिद्धम्मा म्हणाली.

"दोन. कृष्णकेशाचे डोळे हिरवे पायजेत. इथं काळे."

"आवो सेक्रेटरी, आपला टीव्हीच काळापांढरा हाय!" मागून कुणीतरी ओरडलं. खोली हसली. हणमंतप्पानं शांतपणे त्या ओळीवर काट मारली. त्र्याऐंशी राहिल्या.

"तीन. घोडा. पुस्तकात—"

"सहा पायांचा," सिद्धम्मा म्हणाली.

"चार पायांचा हाय, सिद्धम्मा. घोडा हाय तो."

"उडतंय ते चार पायांवर? इचार करा की जरा."

"अन् माडगं लिवलं का?" पुतळाबाईनं विचारलं. "वेढ्यात राणी हुलग्याचं माडगं पीत हुती. ह्यांनी तिला द्राक्षं दिली. वेढा पडलाय अन् द्राक्षं कुठून आणली, तासगावास्नं?"

हणमंतप्पानं मान हलवली. "माडगं न्हाय लिवलं. माडगं पुस्तकात कुठंच न्हाय. म्या दोन्ही भाग दोनदा वाचलेत."

खोलीतल्या बायकांनी सारजाकडं पाहिलं. तिला कानांच्या पाळ्या गरम झालेल्या कळल्या.

"तिसऱ्यात असंल मग," पुतळाबाईच म्हणाली. "सारजाला म्हाईत."

"असंल. तर माझं म्हणणं एवढंच हाय," हणमंतप्पानं आवाज चढवला, "लिवणाऱ्यानं लिवलं ते लिवलं. आता दुधाचंच बगा. पाणी घातलं की माप वाढतंय, पर लॅक्टोमीटर सोडला की खरं काय ते वर येतंय. ह्या सिरियलवाल्यांनी निस्तं पाणी घातलंय."

"तुमच्या सोसायटीत कोण घालत न्हाय, तेवढं नाव सांगा," सिद्धम्मा म्हणाली, आणि पुन्हा हशा झाला.

सारजा म्हणाली, "त्यांना गरज पडली असंल, भाऊजी."

"कशाची गरज? गोष्ट हाय तशी सांगायला काय पैसं पडत्यात?"

उत्तर द्यायच्या आत टीव्हीतला शंख वाजला. हणमंतप्पानं छपरावरच्या अँटेनाची दोरी खिडकीतून हिसडली, पडद्यावरच्या मुंग्या विरल्या आणि काचदुर्ग दिसायला लागला.

नेहमीप्रमाणं सारजा एकेक वाक्य मराठीत सांगत गेली. राणी म्हणते, जाऊ नकोस. मणिधर म्हणतो, मंत्राची शिळा तळाशी आहे, मी आणतो. तिचा आवाज बारीक होत गेला. मणिधर झालेला पोरगा गोरा आणि गुबगुबीत होता. त्यानं दोराला धरलं. पुतळाबाई पुढं झुकली. खिडकीपाशी श्रीपतीनं भिंतीचा टेका सोडला.

पोरगा खाली गेला. विहिरीचं तोंड दिसलं. मग पाणी दिसलं, त्यावर एक वर्तुळ, ते मोठं होत होत काठाला लागलं. मग पाणी सपाट झालं.

सगळे वाट बघत होते.

पडद्यावर राणीचा चेहरा आला. तिनं एकदा डोळे मिटले, उघडले, शेजारच्या शिपायाची तलवार उपसली आणि म्हणाली, कृष्णकेशाचं रक्त सांडल्याशिवाय मी केस बांधणार नाही. ढोल वाजले. नावं वर सरकायला लागली.

"दार?" पुतळाबाई म्हणाली.

"दार कुठं हाय?" सिद्धम्मा उठूनच उभी राहिली. "मेल्यांनी दारच गाळलं! पोराला मारलं! लिवा सेक्रेटरी, आधी हे लिवा. बाकीच्या त्र्याऐंशी खोडल्या तरी चालतील!"

"लिहितो, लिहितो. ही तर सगळ्यांत मोठी." हणमंतप्पानं वहीचं नवं पान काढलं. "दार, अन् पलीकडचा मुलूख, अन् मेंढरं. पान किती, वहिनी? पुस्तक आणलंय न्हवं?"

सारजानं पिशवीतून पुस्तक काढलं. ते आपल्या सवयीनं उघडलं. समोर पान होतं. दार तिला आत्ताही वाचता आलं असतं. खोलीत तिसरा भाग दुसऱ्या कुणीच वाचलेला नव्हता. हणमंतप्पानं पुस्तक हातात मागितलं असतं तर पुढं जे व्हायचं ते झालं असतं. पण एवढ्यापुरतं तरी ती दार वाचू शकत होती. श्रीपती खिडकीपासून दोन पावलं पुढं आला होता. वर्षभरानंतर तो पहिल्यांदा एखाद्या गोष्टीकडं असा बघत होता. हा माणूस उद्या गावविहिरीवर जाऊन दार शोधत खाली वाकेल, असं सारजाच्या मनात आलं.

"दार न्हाय," ती म्हणाली.

"काय?"

"पुस्तकात दार न्हाय भाऊजी. टीव्हीवर दाखिवलं तेच हाय पुस्तकात. एकशे एक्केचाळीस. दार म्या घातलं."

टीव्हीत एक माणूस बोलायला लागला होता. खतांविषयी काहीतरी. हणमंतप्पानं बटण फिरवलं.

"म्हंजे मेंढरं?" सिद्धम्मा म्हणाली.

"म्याच."

"कोकरू? लांडगा?"

"समदं."

"वरीसभर? अन् आमी तुझ्या वाट्याच्या पाट्या उचलल्या, तुझं तोंड कोरडं पडू ने मनून जिवाचं रान केलं, अन् तू आमाला येड्यात काढलंस? आगं, म्या माझ्या माहेरात जाऊन सांगितलंय ते कोकराचं!"

"सिद्धम्मा, गप," पुतळाबाई म्हणाली.

ती सारजाकडं बघत नव्हती. पुस्तकाकडं बघत होती. तिला अक्षर येत नव्हतं. तिनं पानावर बोट ठेवलं, भलतीकडंच, समासावर.

"मग राणी काय करती हितं? तलवार उचलती?"

"न्हाय."

"मग?"

"रडती."

"किती?"

सारजानं पान उलटलं. "दोन पानं."

"दोन पानं," पुतळाबाई म्हणाली. "अन् तुझ्यात रडलीच न्हाय गं ती. म्या रोज वाट बगायची. म्हणलं, आज रडंल, उद्या रडंल. पोरगं मेंढरं राखतंय, ती वर बसलीया, अन् कुणी तिला रडू देत न्हाय. म्हणलं, असं कसं पुस्तक हाय हे."

पोराला जगवायच्या नादात आपण त्या बाईचं काय काढून घेतलं, हे तिला कधी सुचलंच नव्हतं. तिला वाटलं होतं, आपण घातलंच आहे फक्त.

"वाच," पुतळाबाई म्हणाली.

"आक्का, घरी बसून वाचते. हितं नगं."

"हितंच वाच. त्यांना बी ऐकू दे."

सारजानं वाचलं. बोलीत बदललं नाही, मीठ घातलं नाही, होतं तसं वाचलं. राणी विहिरीच्या काठावर बसली. दासी उठवायला आल्या, ती उठली नाही. प्रधान राज्याची निकड सांगायला आला, तिनं ऐकलं नाही. तिला त्याची पहिली पावलं आठवली, त्याचा ताप आठवला, एकदा उगाच मारलेली चापट आठवली. सूर्य माथ्यावर आला आणि ढळला. ती रडत होती आणि काचदुर्गातल्या कुणीही तिला थांब म्हटलं नाही.

दुसऱ्या पानाच्या अर्ध्यावर पुतळाबाईनं पदर तोंडावर घेतला. आधी नुसते खांदे हलले. मग आवाज आला, आणि तो आवाज दुधाच्या त्या सिमेंटच्या खोलीत मावेना. सिद्धम्मा तिच्या पाठीशी जाऊन बसली. आवर म्हणाली नाही, गुडघ्यावर हात ठेवून नुसती बसली. पुरुष एकेक करून बाहेर पडले. श्रीपती गेला नाही. तो भिंतीला पाठ घासत खाली बसला आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले.

सारजा वाचत राहिली, कारण वाच म्हणून सांगितलेलं होतं. पान संपलं तेव्हा तिनं पुस्तक मिटलं आणि हणमंतप्पापुढं केलं. त्यानं ते घेतलं. वहीत पेन टेकवलं. मग डावीकडच्या रकान्यात लिहिलं, 'राणी दोन पाने रडते'. उजवीकडं, 'टीव्हीवर नाही'. आणि वही बंद करून चष्मा पुसत बाहेर गेला.

पुतळाबाईचं रडणं ओसरायला वेळ लागला. ओसरलं तेव्हा तिनं पदरानंच तोंड पुसलं आणि सारजाच्या दंडावर हात ठेवला. त्या हातात राग होता की नव्हता, सारजाला ओळखता आलं नाही. हात जड होता, एवढंच. मग ती श्रीपतीजवळ गेली आणि दोघं बरोबर बाहेर पडली, ऊन चढलेल्या रस्त्यानं, एक पुढं एक मागं.

सिद्धम्मा आणि बाकीच्या बायकाही उठून गेल्या. खोलीत आता सारजा आणि यशू दोघीच होत्या. यशू सगळा वेळ मांडीवरच होती. तिनं गोष्ट साखळीतच ऐकलेली, आईच्या पायाशी मातीत खेळताना. दाराशिवाय दुसरी गोष्ट तिला माहीत नव्हती. तिनं आईची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं.

"माय," ती म्हणाली, "राणीचं पोरगं तर पाण्यातच राहिलं. मग त्या दारातनं जो गेला, मेंढरं राखतोय तो, त्याची माय कोण?"